पिकअपच्या टपावरचा तंबू आणि बारवीच्या रस्त्यावर आलेला फोन

भूतबित सांगणाऱ्या माणसाला मी आयुष्यभर तोंडावर खोटारडा म्हणत आलोय. आमच्या बुवापाड्यात कोणाला विहिरीपाशी बाई दिसायची, कोणाला कंपनीच्या भिंतीवर बसलेला माणूस दिसायचा. मी म्हणायचो, अरे कामाला जा, सगळं दिसायचं बंद होईल. मी लोखंडाचा माणूस. सांधा धरला तर धरला, नाही तर नाही. त्यात तिसरं काही नसतं. आजही माझा विश्वास नाही. पण एक गोष्ट घडली ती घडली, आणि ती मी बायको आणि शेजारच्या मावशी सोडून आजवर कोणालाच खरी सांगितलेली नाही. शिमग्याच्या आधी बायको गेली. आता लपवायचं तरी कशासाठी... म्हणून लिहितो.

शाळा सहावीपर्यंत. वहीत लिहिलंय, सून मोबाईलवर उतरवून देते. तिला सांगितलंय – चुका सुधार, पण शब्द बदलू नकोस.

नव्वदीची सुरुवात. साल नक्की आठवत नाही, पण बाबरीच्या गडबडीच्या आधी. अंबरनाथला बुवापाड्यात घराच्या पुढच्या अंगणात पत्रा टाकून माझं वेल्डिंगचं दुकान होतं. ग्रील, गेट, टेम्पोचे हौदे, जे येईल ते. माझी बायको कमल त्याच पत्र्याखाली एका कोपऱ्यात ताडपत्र्या शिवायची. तिचं मोठं मशीन होतं, पायाचं. टेम्पोवाले हौदा माझ्याकडून करून घ्यायचे आणि ताडपत्री तिच्याकडून. खरं सांगायचं तर निम्मी गिऱ्हाइकं तिच्यामुळे यायची. माझं तोंड चांगलं नव्हतं.

उल्हासनगरचे एक शेठ होते. सिंधी माणूस, ब्लँकेट-चादरींचा धंदा. नाव नको, शेठच म्हणतो. थंडीत ते जत्रांना माल घेऊन जायचे. पौषात मुरबाडच्या पुढे म्हसा गावची जत्रा लागते, तिथे चार-पाच दिवस मुक्काम. अडचण अशी की माल गाडीत आणि झोपायचं बाहेर, मग चोऱ्या व्हायच्या. एक दिवस ते जुनी पिकअप घेऊन आले आणि परदेशी मासिकाचं एक पान काढलं. त्यात जीपच्या टपावर तंबू, शिडी लावलेली, वर गोरी बाई चहा पितेय.

"मिस्त्री, ऐसा बना के दे. नीचे माल, ऊपर फॅमिली. चोर आयेगा तो मेरे को पहले मिल के जायेगा."

मी असलं कधी पाहिलंही नव्हतं. पण नाही म्हणायची सवय नव्हती. म्हटलं, "हो जायेगा."

डोकं लावलं. स्क्वेअर पाइपची चौकट, सात फूट लांब. तिच्यावर जाड प्लायवूड. पिकअपचा हौदा लहान, म्हणून चौकटीचा पुढचा भाग केबिनच्या टपावर येत होता. सहा पाय दिले. चार मागे हौद्याच्या कडांवर, दोन पुढे केबिनच्या टपावर. टपाचा पत्रा पातळ, म्हणून खाली लोखंडी पाटी ठेवून तिला चारी बाजूंनी वेल्डिंग. पाटीवर पाय उभा, आणि पायाला वर चौकटीशी बोल्ट. शिडी मागच्या बाजूला. तंबू कमलने शिवायचा – जाड कॅनव्हास, आत वाकवलेल्या पाइपच्या कमानी. प्रवासात सगळं दुमडून आडवं आणि मुक्कामाला उभं.

पाय लागले त्या दिवशी शेठ बघायला आले होते. कमल तंबूची मापं घेत होती. माप घेता घेता ती चौकटीखाली वाकली, उठली आणि मला म्हणाली, "अहो, हे केबिनला अडकवू नका."

"का?"

"केबिन वेगळी हलते आणि हौदा वेगळा. मी एवढ्या ताडपत्र्या शिवते. पुढून मागून एकाच दोरीने आवळली की मधल्या फटीवर फाटते. दर वेळी तिथेच."

"ते कापड आहे."

"मग लोखंड फाटत नाही?"

शेठ हसले. "मिस्त्री, भाभी तो इंजिनियर निकली! मेरा पैसा किसको दूँ?"

ते गंमतीत बोलले. मला झोंबलं. गिऱ्हाइकासमोर, माझ्याच अंगणात. मी म्हटलं, "तू काजं कर आणि बटणं लाव. लोखंडात तोंड घालू नकोस."

तिने हातातला टेप गुंडाळला, मशीनवर ठेवला आणि आत गेली. तंबू तिने वेळेवर शिवून दिला, शिलाई अशी की पाणी झिरपणार नाही. पण माझ्याशी बोलणं बंद.

आमच्याकडे अबोला कसा असायचा ते सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही. चूक कोणाचीही असो, आधी मी बोलायचो. लग्नापासून. ती कधी म्हणजे कधीच आधी बोलली नाही. मध्ये कोणाला तरी घालायची. शेजारच्या अनसूया मावशी हे तिचं ठरलेलं पोस्ट ऑफिस. मी समोर बसलेलो असलो तरी – "मावशी, यांना विचारा, भात वाढू का?" आणि मावशी मला विचारायच्या, "भात वाढू का?" मी मावशींना सांगायचो, "वाढ म्हणावं." पाड्यात सगळ्यांना माहीत होतं. हसायचे.

या वेळी तिसरा दिवस होता. मी पण अडून बसलो होतो. म्हटलं, लोखंड माझं आहे.

निघायच्या सकाळी शेठ म्हणाले, "तू साथ चल मिस्त्री. पहली बार है, कुछ ढीला-बिला हुआ तो देख लेगा." सकाळी दहाच्या सुमारास निघालो. शेठ स्वतः चालवत होते. शेजारी त्यांची बायको आणि दोघी मुली, थोरली आठेक वर्षांची, धाकटी सहाची. मी मागे हौद्यात ब्लँकेटांच्या गाठोड्यांवर. अंबरनाथमधून बदलापूर, तिथून बारवी धरणाचा रस्ता. पुढे मुरबाड, मग म्हसा. बदलापुरात लोक थांबून बघत होते. एक जण ओरडला, "ओ, वर कोणाची वरात?" मला छाती फुगल्यासारखं झालं.

रस्ता तेव्हा काय होता ते जुन्या लोकांना माहीत आहे. खड्ड्यात रस्ता. बदलापूर सोडलं, कंपन्या मागे पडल्या, आणि धाकटीला गाडी लागली. शेठनी हॉर्न देऊन मला विचारलं, कुठे थांबायचं. मी ओरडून सांगितलं, "धरणावर थांबू, पुढे." तेवढ्यात तिने उलटी केलीच. शेठनी जिथे होती तिथे गाडी बाजूला घेतली. शेजारी एक चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि कुडाची भिंत. पण भिंतीवर पिवळी पाटी, एसटीडी-पीसीओ. हे मी मुद्दाम लिहितोय. तिथे थांबायचं कोणाच्या मनात नव्हतं. मलाच नव्हतं माहीत, मग घरी कुठून माहीत असणार?

चहा सांगितला. धाकटी उतरल्यावर पाच मिनिटांत टवटवीत. पोरीच त्या. दोघी शिडीने वर चढून चौकटीच्या पुढच्या टोकाला, दुमडलेल्या तंबूवर जाऊन बसल्या. पाय केबिनच्या काचेवर सोडलेले.

"पप्पा, हम ऊपर बैठ के जायेंगे!"

शेठची बायको नाही म्हणत होती. शेठनी माझ्याकडे बघितलं. "चलेगा क्या, मिस्त्री? धरण तक? हवा लगेगी तो उल्टी नहीं होगी."

मी काय म्हणालो ते मला शब्दनशब्द आठवतं. "शेठ, हाथी बिठाओ. कुछ नहीं होगा."

शेठच्या बायकोने पोरींना घट्ट धरून बसायला सांगितलं. शेठ चहा संपवत होते, मी पण. कप खाली ठेवायचा आणि निघायचं, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात हॉटेलवाला आतून बाहेर आला. म्हातारा माणूस, खांद्यावर फडकं.

"तंबूवाल्या गाडीतला वेल्डर कोन हाय? घरनं फोन हाय. बाई बोलतेय."

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. म्हटलं, हरली! आधी बोलली! तिथे फोन कसा आला, नंबर कुठून आला, हे डोक्यात आलंच नाही. फोन आला म्हणजे घरी आमच्या मुलाला काही झालं असेल, हेसुद्धा सुचलं नाही. असा माणूस मी.

आत जाऊन रिसीव्हर घेतला. "बोल."

"अहो..."

आवाज कमलचा. यात मला तेव्हाही शंका नव्हती, आताही नाही. अठरा वर्षांची असल्यापासून ऐकलेला आवाज. फक्त त्यात राग नव्हता. तीन दिवसांचा काहीच राग नाही. शेजारी बसून बोलावं तसा.

"पोरींना खाली घ्या."

"कोणत्या पोरी?"

"वर बसल्यात त्या. आधी खाली घ्या. मग पुढचा डावा पाय बघा. बाहेरून दिसणार नाही, आतल्या अंगाने हात घाला."

मी कुडाच्या दारातून बाहेर बघितलं. दोघी वर बसल्या होत्या, पाय हलवत. धाकटी शीळ घालायचा प्रयत्न करत होती. मी फोनमध्ये म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?" तर फोन ठेवलेला. आदळला नाही, नीट ठेवला.

मी बाहेर आलो आणि थोरलीला म्हटलं, "बेटा, नीचे आओ." ती नाही म्हणाली. मग मी ओरडलो. इतक्या जोरात की शेठ उठून उभे राहिले. "मिस्त्री, बच्ची लोग पे चिल्लाता क्यूँ है?" मी शिडीवर चढलो, एकेकीला उचलून खाली दिलं. धाकटी रडायला लागली.

मग केबिनच्या पायरीवर उभं राहून पुढचा डावा पाय बघितला. बाहेरून वेल्डिंग अखंड. वरून मारलेला काळा रंगसुद्धा सुटलेला नव्हता. मी मनात म्हटलं, बघ, बायकांचं काहीतरी. तरी काच आणि चौकट यांच्या मधून हात आत घातला, पाटीच्या मागच्या बाजूला.

नख आत गेलं. मग बोट गेलं.

पाटीची मागची कड सुटली होती, आणि दोन्ही बाजूंच्या कडा निम्म्या. वेल्डिंग तुटलं नव्हतं, वेल्डिंग धरून होतं – टपाचा पत्राच फाटला होता, कागद फाटावा तसा. पाटी फक्त पुढच्या कडेवर लटकत होती. उजवीकडे बघितलं, तिथे पण सुरुवात झालेली. अंबरनाथपासून जेमतेम तासाभराचा रस्ता. पुढे धरणाची वळणं आणि उतार. दोघी पोरी पुढच्या टोकाला, एक मोठा खड्डा किंवा एक ब्रेक, की ती पुढची बाजू खाली बसणार. पोरी काचेवरून सरळ चाकासमोर. यात विचार करायला काही नाही, कोणीही सांगेल.

मी पायरीवरच बसलो.

शेठनी स्वतः हात घालून बघितलं. हात बाहेर काढला, बोटाला रक्त. पत्रा लागला होता. बायकोने दोघींना जवळ ओढलं. मग शेठ म्हणाले, "तेरे को कैसे पता चला?"

आणि इथे मी खोटं बोललो. म्हटलं, "हाथ को समझता है, शेठ. इतने साल का काम है."

का बोललो? बायकोचा फोन आला, तिने सांगितलं, असं म्हटलं असतं तर तिच्या अंगणातल्या बोलण्यावर गोष्ट गेली असती. शेठ तिथे होते, त्यांनी ऐकलं होतं. तेवढ्यासाठी.

जत्रा राहिली. पुढचे दोन्ही बोल्ट काढले, तंबू आणि प्लायवूड उतरवून हौद्यात टाकलं, चौकट दोरांनी हौद्याला आवळली आणि पायी चालावं तशा वेगाने माघारी आलो. मी निघायच्या आधी हॉटेलवाल्याला विचारलं, "बाई काय म्हणाल्या नक्की?"

"म्हनाली, टपावर तंबू हाय त्या गाडीतल्या वेल्डरला द्या. मी म्हनलं, कोन बोलताय? म्हनाली, घरनं."

म्हणजे ऐकलं ते एकट्या मला नाही. हे लक्षात ठेवा.

दुपारी बुवापाड्यात पोचलो तर कमल मशीनवर. शेजारी अनसूया मावशी वाल सोलत बसलेल्या, पुढ्यात सालांचा ढीग. मी सरळ म्हटलं, "फोन केलास ते बरं झालं."

कमलने मान वर केली नाही. "मावशी, यांना विचारा, कुठला फोन?"

मावशींनी मला विचारलं, "कुठला फोन?"

"बारवीच्या रस्त्यावर. आता, अकराच्या सुमाराला."

"मावशी, यांना सांगा, मी सकाळपासून मशीनवरून उठलेली नाही."

मावशींनी या वेळी तिचा निरोप थांबवला आणि स्वतःच बोलल्या. "अरे बाबा, ती खरंच उठली नाही. मी दहापासून इथेच आहे, तिच्याबरोबर चहा घेतला दोनदा. आणि फोन आहे कुठे पाड्यात? स्टेशनकडे जायला लागतं."

ते खरं होतं. आमच्याकडे फोन नव्हता, आजूबाजूला कोणाकडे नव्हता. अंबरनाथ पूर्वेला बाजारात जावं लागायचं, जाऊन येऊन पाऊण तास. आणि गेली असती तरी नंबर कोणता लावणार होती? हॉटेलचं नावसुद्धा नव्हतं.

मग मी सगळं सांगितलं. पोरी, टप, पत्रा. कमलच्या हातातलं कॅनव्हास खाली गेलं. ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली, मावशींना मध्ये न घालता.

"माझा आवाज होता?"

"हो."

"काय म्हणाले मी?"

मी सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, बघा, मी सांगितलं होतं. म्हणाली नाही. तिचा चेहरा असा झाला की जणू तिच्या वस्तूला कोणी न विचारता हात लावला. उठून आत गेली. नंतर त्या दिवशी आम्ही बोललो, जेवलो, सगळं झालं. पण फोनचा विषय तिने पुन्हा काढू दिला नाही.

तंबू मी परत बसवला. या वेळी सगळे पाय हौद्यावर, आणि नुसते कडांवर नाही – तळातून आरपार बोल्ट, खालून गाडीच्या सांगाड्याच्या चॅनलला जाड पट्टी, डबल नट. केबिनच्या टपापासून चार बोटं मोकळी जागा. मधे काही अडकवलं नाही. आणि वर बसून गाडी चालू करायची नाही, हे शेठना बजावून सांगितलं. ती गाडी पुढे कितीतरी वर्षं जत्रांना गेली, कधी एक नट सैल झाला नाही. शेठ उल्हासनगरच्या सगळ्या कॅम्पात सांगत फिरले, "उस मिस्त्री के हाथ को लोहा बोल के बताता है." त्या एका वाक्यावर मला दहा वर्षं काम मिळालं. शेठ दुकानात येऊन हेच बोलायचे, आणि कमल त्यांना चहा द्यायची. काही म्हणायची नाही.

मी नंतर हिशोब लावायचा खूप प्रयत्न केला. कोणी रस्त्यावरच्या बाईने तडा बघितला असेल? बाहेरून दिसतच नव्हता. कोणी थट्टा केली? थट्टेला डावा पाय कसा कळला, आणि पोरी वर बसल्यात हे कसं कळलं? त्या चढून पाच मिनिटं झाली नव्हती. मला आधीपासून मनात धाकधूक होती आणि तीच ऐकू आली, असं ही वही वाचून मुलगा म्हणतो. मग हॉटेलवाल्याला कोणाची धाकधूक ऐकू आली? महिन्याभराने मी तिथे परत गेलो होतो. म्हातारा तोच, गोष्ट तीच सांगितली.

कमल या वर्षी गेली. किडनीचं होतं. शेवटचे दोन महिने घरीच होती, पलंगावर. बोलायला माणूस लागायचा तिला, मी बसायचो. एका दुपारी मीच विषय काढला. म्हटलं, "कमल, आता तरी सांग. तो फोन तू केला होतास का?"

"कुठला?"

"बारवीचा. तंबूचा."

ती डोळे मिटून होती. म्हटलं झोपली. मग बोलली. "नाही हो. तेव्हाच सांगितलं होतं."

"मग कोण होतं?"

"मला काय माहीत? तुम्ही बोललात तिच्याशी." थोडं थांबली. दम लागायचा तिला. "पण एक सांगू? मला ती आवडली नाही कधी."

"का? पोरी वाचल्या."

"वाचल्या. चांगलं झालं. पण जे तिने सांगितलं तेच मी सांगितलं होतं, तीन दिवस आधी, समोर उभी राहून. माझं ऐकलं नाहीत. तिने एकदा सांगितलं आणि तुम्ही उठलात."

तीस वर्षं तिच्या मनात हे होतं, आणि मी समजत होतो की ती घाबरली म्हणून विषय टाळते. मी म्हटलं, "तुझं बरोबर होतं. केबिनला नव्हतं अडकवायचं."

"माहितेय मला," ती म्हणाली. "पाणी द्या जरा."

पाणी दिलं. चमच्याने द्यावं लागायचं, चार चमचे घेतले. मग ती झोपली.

फोनवर कोण होतं ते मला माहीत नाही. कोणाला काही सुचत असेल तर सांगा, पण उगाच आत्मा-बित्मा सांगू नका, कमल तेव्हा जिवंत होती आणि वाल सोलणाऱ्या मावशींसमोर बसली होती.